एकशे एकवीस पराभव आणि एक अपराजित मालक

दिवाळीच्या अंकात पराजयाची कथा छापू नये, असा काही नियम नाही. पण संकेत मात्र आहे. फराळाचे ताट पुढे असताना वाचकांना काही गोडधोड द्यावे, अशी संपादकांची इच्छा असते आणि ती रास्तही आहे. तरीसुद्धा यंदा मी एका हरलेल्या संघाची कैफियत घेऊन आलो आहे. संघ आपला नाही, गाव आपले नाही, खेळही आपला नाही. गाव शिकागो, खेळ बेसबॉल आणि संघाचे नाव व्हाइट सॉक्स, म्हणजे सरळ मराठीत पांढरे मोजे. या पांढऱ्या मोज्यांनी २०२४ च्या हंगामात १६२ सामने खेळून त्यांपैकी १२१ गमावले. १९०० सालानंतर अमेरिकेच्या थोरल्या लीगमध्ये एका हंगामात इतके पराभव कुणाच्याही वाट्याला आले नव्हते.

आता कुणी म्हणेल, हरले तर हरले! त्यात एवढे भांडण्यासारखे काय आहे? माझे भांडण हरण्याशी नाहीच. माझे भांडण आहे ते त्या हंगामाच्या अखेरीस प्रेक्षकांवर जो आरोप येऊ शकतो त्याच्याशी.

घडले ते असे. २२ सप्टेंबरला संघ १२० वा सामना हरला आणि १९६२ च्या न्यूयॉर्क मेट्स संघाच्या नामुष्कीशी त्याची बरोबरी झाली. २४ तारखेला तो आपल्या घरच्या मैदानावर लॉस एंजलिसच्या एंजल्स संघाविरुद्ध उभा राहिला. आणखी एक पराभव झाला की आधुनिक काळातला उच्चांक! त्या रात्री स्टँडमध्ये बसलेले कितीतरी लोक आपलाच संघ हरावा म्हणून आले होते. "संघ विका! संघ विका!" असा घोष त्यांनी चालवला होता. आणि दैव तरी कसे खट्याळ! तीनदा हरायला हवा तो संघ त्या मैदानावर लागोपाठ तीन सामने जिंकला. शेवटी २७ सप्टेंबरला डेट्रॉइट शहरी, परक्या मैदानावर, १२१ वा पराभव पदरात पडला.

आपल्याच संघाचा पराभव चिंतणारे हे लोक घरभेदी म्हणायचे का? क्रीडानीतीचे जुने पाठ गिरवलेला माणूस चटकन् "होय" म्हणेल. मी म्हणतो, "नाही." त्या मैदानावर त्या रात्री व्हाइट सॉक्सवर खरे प्रेम करणारा जर कुणी असेल, तर तो हाच घसा फोडून ओरडणारा प्रेक्षक होता. असे मी का म्हणतो, ते सांगण्यासाठीच हा लेख.

ज्यांनी बेसबॉल पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. हा खेळ आपल्या क्रिकेटचा दूरचा चुलतभाऊ. प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू, नऊ डाव. एकाने चेंडू फेकायचा, दुसऱ्याने दांड्याने तो टोलवायचा आणि मैदानाचे चार कोपरे शिवून परत आला की एक धाव. मार्चअखेर हंगाम सुरू होतो, सप्टेंबरअखेर संपतो आणि एवढ्या सहा महिन्यांत १६२ सामने होतात. म्हणजे जवळजवळ रोजच सामना. या खेळात नशिबाचा वाटा फार मोठा. म्हणून चांगला संघही साठएक सामने हरतो आणि सुमार संघही साठएक सामने जिंकतो. तेव्हा १२१ वेळा हरायला नुसते दुर्दैव पुरत नाही, वाचकहो. तिथे पद्धतशीर प्रयत्न लागतात!

आणि ते झाले. पहिल्या पंचवीस सामन्यांत या संघाने जिंकले अवघे तीन. मे-जूनमध्ये तो ओळीने चौदा सामने हरला. जुलै-ऑगस्टमध्ये ओळीने एकवीस सामने हरून त्याने १९८८ च्या बाल्टिमोर संघाच्या विक्रमाची बरोबरी केली. साऱ्या हंगामात काढलेल्या धावा ५०७, दिलेल्या ८१३. ६ ऑगस्टला एकविसाची माळ एकदाची तुटली आणि दोनच दिवसांनी प्रशिक्षक पेद्रो ग्रिफोल यांना नारळ मिळाला. त्यांच्या जागी ग्रेडी साइझमोर आले. ग्रिफोल यांच्या हाताखाली २८ विजय आणि ८९ पराभव झाले होते, साइझमोर यांच्या हाताखाली १३ विजय आणि ३२ पराभव झाले. मास्तर बदलला, निकाल तोच राहिला.

शाळामास्तर म्हणून या बाबतीत माझे एक साधे गणित आहे. चाळीस मुलांच्या वर्गात चार मुले नापास झाली, तर मुलांना विचारावे. छत्तीस झाली, तर मास्तरला विचारावे. आणि मास्तर बदलूनही वर्षामागून वर्षे तेच घडत राहिले, तर शाळेच्या चालकांच्या दाराशी जाऊन उभे राहावे. व्हाइट सॉक्सचे तीन वर्षांचे प्रगतिपुस्तक असे : २०२३ साली १०१ पराभव, २०२४ साली १२१, २०२५ साली १०२. आता मुलांना छडी मारण्यात अर्थ आहे का?

या शाळेचे चालक जेरी राइन्सडॉर्फ. १९८१ साली त्यांनी भागीदारांसह हा संघ सुमारे दोन कोटी डॉलरना विकत घेतला. २०२४ च्या वसंतात 'फोर्ब्स' मासिकाने याच संघाची किंमत सुमारे दोन अब्ज डॉलर धरली. म्हणजे शंभर पट! संघ गुणतक्त्याच्या तळाशी, आणि मालकाचा दस्तऐवज आभाळाला भिडलेला. शीर्षकात मी ज्यांना अपराजित म्हटले ते हे. त्यांच्या बाजूने जे सांगायचे ते मी लपवून ठेवणार नाही. २००५ साली याच संघाने जागतिक मालिका जिंकली. १९१७ नंतर प्रथमच, म्हणजे ८८ वर्षांनी. मायकेल जॉर्डनच्या ज्या शिकागो बुल्स संघाने बास्केटबॉलमध्ये सहा अजिंक्यपदे मिळवली, त्या संघाचेही प्रमुख हेच गृहस्थ. म्हणजे संघ कसा जिंकतो हे त्यांना ठाऊक नाही, असे कुणालाही म्हणता येणार नाही. आणि म्हणूनच त्यांना जाब विचारायचा.

२०२१ साली हाच संघ ९३ सामने जिंकून आपल्या गटात पहिला आला होता. तरुण, उमदी पोरे होती. या पोरांवर राइन्सडॉर्फ यांनी टोनी ला रुसा यांना नेमले होते. ला रुसा मोठा माणूस, पण नेमणुकीच्या वेळी वय ७६! १९८६ साली आपण त्यांना जाऊ दिले, ही खंत मालकांच्या मनात होती. ती त्यांनी अशी फेडली. पुढे संघ ढासळला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये वरचे दोन कारभारी काढले; पण नवा कारभारी शोधायला मालक घराबाहेर गेलेच नाहीत. घरातल्याच क्रिस गेट्झ यांना वर बसवले. बाहेरचा माणूस आणला तर त्याचे एक वर्ष सारे समजून घेण्यातच जाईल, अशा अर्थाचे कारण दिले. वर्ष वाचवायचे होते! वाचवलेल्या त्या वर्षातच १२१ पराभव बसले.

पैशाची गोष्ट तर विचारूच नका. २०२४ सालापर्यंत या संघाने खेळाडूशी केलेला सर्वात मोठा करार होता साडेसात कोटी डॉलरचा. इतर संघ त्याच्या कित्येक पटींनी मोठे करार करत होते आणि शिकागो काही खेडेगाव नव्हे. ते अमेरिकेतल्या सर्वात मोठ्या शहरांपैकी एक. उलट हाती असलेले चांगले खेळाडू मात्र एकामागून एक गेले. हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर, मार्चमध्ये, डिलन सीस हा उत्तम पिचर, म्हणजे चेंडूफेक्या, सॅन डिएगोला दिला. २५ जुलैला, इकडे एकवीस पराभवांची माळ ओवली जात असताना, तिकडे सीसने संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही यशस्वी टोला मारू न देण्याचा दुर्मीळ पराक्रम केला. लेक सासरी नांदते आहे म्हणून माहेरच्यांनी आनंद मानावा, तसा शिकागोच्या लोकांनी तो मानला असेल. पण माहेरची चूल त्या दिवशीही थंडच होती. डिसेंबरमध्ये गॅरेट क्रोशे हा दुसरा मोहराही बॉस्टनला गेला.

आता या कारभाराची वकिली करणारे तीन युक्तिवाद नेहमी पुढे येतात. तिघांचाही समाचार घेऊ.

पहिला युक्तिवाद : "खेळ आहे, हारजीत चालायचीच." अगदी बरोबर! पण हरण्या-हरण्यात फरक असतो. १९६२ चा मेट्स संघ १२० सामने हरला तेव्हा तो नुकता जन्मलेला होता; तो त्याचा पहिलाच हंगाम. चालायला शिकणारे पोर पडले तर आपण हसतो आणि उचलून घेतो. न्यूयॉर्ककरांनी मेट्सला तसेच उचलून घेतले आणि सातच वर्षांनी, १९६९ साली, ते पोर जगज्जेते झाले. व्हाइट सॉक्स काही पाळण्यातले नाही. एकशेवीस वर्षांहून जुने घराणे आहे ते. घरातला कर्ता माणूस रोज दारात पडत असेल, तर त्याला बाळलीला म्हणत नाहीत.

दुसरा युक्तिवाद : "ही पुनर्बांधणी आहे. जुने पाडल्याशिवाय नवे उभे राहत नाही." हा युक्तिवाद सभ्य दिसतो, म्हणून अधिक घातक. अहो, आमच्या मुंबईत चाळ पाडून टोलेजंग इमारत बांधणारा बिल्डरसुद्धा रहिवाशांना तोवर दुसरीकडे राहण्याचे भाडे देतो! इथे उलटा न्याय. घर पाडले आहे, छप्पर नाही, भिंती नाहीत. पण तिकीट पूर्ण घ्या, गाडी उभी करण्याचे पैसे द्या आणि वर निष्ठाही दाखवा. पुनर्बांधणी म्हणजे काय ते डेट्रॉइटला विचारा. २००३ साली डेट्रॉइटचा टायगर्स संघ ११९ सामने हरला होता. त्याच्या मालकाने पुढच्याच वर्षी इव्हान रॉड्रिगेझसारखा नामांकित खेळाडू आणला. २००५ साली मॅग्लिओ ऑर्डोनेझ आणला, आणि तो आणला कुठून? शिकागोच्या व्हाइट सॉक्समधून सुटलेला! २००६ साली हा संघ जागतिक मालिकेत खेळत होता. गंमत अशी, की २०२४ साली व्हाइट सॉक्सने १२१ वा पराभव स्वीकारला तो याच डेट्रॉइटच्या मैदानावर. आणि त्याच विजयाने डेट्रॉइटने दहा वर्षांनी बाद फेरीत प्रवेश मिळवला. एकाच मैदानावर एकाच रात्री एका गावची दिवाळी आणि दुसऱ्या गावचा शिमगा!

तिसरा युक्तिवाद सर्वात उर्मट : "मालकाचा पैसा, मालकाची मर्जी. नको असेल तर पाहू नका." हा पैसा फक्त मालकाचा असता, तर मी लेखणी खाली ठेवली असती. पण तसे नाही. १९८८ साली याच संघाने शिकागो सोडून फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गला जाण्याची धमकी दिली. तेव्हा इलिनॉय राज्याच्या विधिमंडळाने ३० जूनच्या रात्री नव्या मैदानासाठी सार्वजनिक पैसा मंजूर केला. मध्यरात्रीची मुदत टळू नये म्हणून सभागृहातले घड्याळ थांबवले होते, ही कथा तिथे अजून सांगतात. १९९१ साली मैदान उभे राहिले. जुने, १९१० सालचे मैदान पाडले आणि त्याच्या जागी मोटारी उभ्या करण्याचे आवार केले. आणि २०२४ च्या फेब्रुवारीत, जिथून पुढे १२१ पराभवांचा हंगाम सुरू होणार होता तिथेच, मालक पुन्हा राज्याच्या राजधानीत गेले. आणखी एका नव्या मैदानासाठी सुमारे एक अब्ज डॉलरचे सार्वजनिक साहाय्य हवे होते! घर सांभाळता येईना, पण वाडा मात्र लोकांच्या पैशाने नवा पाहिजे. पैसा देताना संघ साऱ्या गावाचा. जाब विचारताना मात्र संघ खासगी. हा न्याय कुठला?

"पाहू नका" असे म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एका वाण्याचा तांदूळ किडका निघाला, तर शेजारी दुसरा वाणी दुकान थाटतो. बेसबॉलमध्ये तसे करता येत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२२ साली निकाल दिला, की मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू नाही. पुढे १९५३ आणि १९७२ साली तोच निकाल कायम ठेवला. १९९८ च्या कायद्याने खेळाडूंच्या नोकरीपुरता तो सैल झाला, एवढेच. तीस संघांचा हा बंद वाडा आहे. आतल्यांच्या संमतीवाचून नवा भिडू आत येत नाही आणि सर्वात वाईट खेळणारा बाहेरही जात नाही. राष्ट्रीय दूरचित्रवाणीच्या करारांचा पैसा तिसांनाही सारखाच मिळतो. म्हणजे हरणाऱ्याच्या पदरात जिंकणाऱ्याइतकाच वाटा! मग जिंकण्याची तळमळ यायची कुठून?

इथे आपल्या मुंबईच्या कांगा लीगची आठवण येते. १९४८ पासून चालत आलेली ही पावसाळी क्रिकेटची स्पर्धा. ओल्या मैदानावर, गुडघाभर गवतात चालते. तिथे अब्जावधी सोडाच, चहा-वड्याचा हिशेबसुद्धा काटेकोर. पण तिची एक रीत सोन्याची आहे. तिथे वेगवेगळ्या श्रेणी आहेत. तळाला राहिलात, की खालच्या श्रेणीत उतरायचे. चांगले खेळलात, की वर चढायचे. इंग्लंडच्या फुटबॉलमध्येही हेच. प्रीमियर लीगमधले शेवटचे तीन संघ दरसाल खाली जातात, मग मालक कितीही गब्बर असो. जिथे खाली उतरण्याची भीती आहे तिथे मालकालाही झोप लागत नाही. शिकागोच्या मालकांना ती भीती कधीच नव्हती.

एवढे सगळे अमेरिकेचे, आपल्याला काय त्याचे, असे वाटत असेल तर जरा थांबा. २००८ पासून चाललेली आपली आयपीएल याच बंद वाड्याच्या नकाशावर बांधलेली आहे. तिच्या २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या प्रसारणहक्कांची किंमत ४८,३९० कोटी रुपये. आणि तळाला राहणारा संघ पुढल्या वर्षी पुन्हा त्याच पंगतीत पाटावर बसलेला. ज्या २०२४ साली शिकागोत हा तमाशा चालू होता, त्याच साली आपले मुंबई इंडियन्स चौदापैकी दहा सामने हरून दहाव्या, म्हणजे शेवटच्या स्थानावर राहिले. त्या वर्षी रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला कर्णधार केले होते. आणि आपले प्रेक्षक काय करत होते? वानखेडेवर ते पंड्याची हुर्यो उडवत होते! कर्णधार त्याने स्वतःला नेमले होते काय? निर्णय ज्यांचा, ते वातानुकूलित कक्षात बसलेले. आणि शिव्या कुणाला, तर उन्हात उभ्या असलेल्या खेळाडूला. शिकागोचा प्रेक्षक आपल्यापेक्षा शहाणा म्हणायचा तो इथे. आपले दुःख कुणाच्या दाराशी नेऊन ठेवायचे, हे त्याला कळले होते. तो खेळाडूंची नावे घेत नव्हता, तो म्हणत होता, "संघ विका."

निष्ठा म्हणजे मुकाट बसणे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या संतांकडे पाहावे. जनाबाईने विठ्ठलाला काय कमी बोल लावले? नामदेव त्याच्याशी किती भांडला! त्यांची भक्ती कमी होती असे म्हणण्याची छाती कुणाला आहे? भांडतो तोच जो आपला मानतो. परका नुसता उठून जातो. आणि हेही लक्षात ठेवावे, की देव वेगळा आणि देवळाचे विश्वस्त वेगळे. विश्वस्तांचा हिशेब मागणे म्हणजे देवाचा अपमान नव्हे. व्हाइट सॉक्स हा संघ शिकागोच्या दक्षिण भागातल्या कष्टकऱ्यांचा. बाप लेकाला बोट धरून ज्या स्टँडमध्ये घेऊन गेला, तो लेक आपल्या पोराला तिथेच घेऊन येतो. दलाल दस्तऐवजावर शंभर पट किंमत लिहितात, ती या तीन पिढ्यांच्या बोटांची आहे. मैदान रिकामे राहिले असते, तर त्या दस्तऐवजाला रद्दीचाही भाव मिळाला नसता.

म्हणून २४ सप्टेंबरच्या रात्री पराभव मागणारा तो प्रेक्षक मला घरभेदी वाटत नाही. त्याच्यापाशी दुसरे हत्यार नव्हते. मताधिकार नाही, भागधारकांच्या सभेत खुर्ची नाही, न्यायालयाचे दार १९२२ पासून बंद. त्याला एवढेच कळत होते, की एकशेविसावर थांबले तर मालक म्हणतील, "वाईट वर्ष गेले, विसरा." एकशे एकवीस झाले तर ते विसरता येणार नाही, इतिहासाच्या पुस्तकात ते कायमचे छापले जाईल. ज्याला तोटा सोसावा लागत नाही, त्याला निदान लाज तरी सोसावी लागावी, एवढीच त्याची मागणी होती. ती अवाजवी आहे काय?

२०२५ च्या जूनमध्ये एक करार जाहीर झाला. जस्टिन इशबिया हे धनिक हळूहळू संघात पैसा घालतील. २०२९ ते २०३३ या काळात ताबा द्यायचा की नाही हे राइन्सडॉर्फ ठरवतील. आणि २०३४ च्या हंगामानंतर तो घेण्याचा हक्क इशबिया यांना मिळेल. लोक म्हणतील, बघा, ओरडण्याने काहीतरी झाले. मी एवढा भोळा नाही. मालकाच्या जागी मालक आला म्हणजे न्याय आला, असे होत नाही. वाडा बंद आहे तोवर नव्या धन्यालाही हरण्याचा काही चटका बसणार नाही. खेळ सुधारायचा असेल तर तळाच्या संघाच्या मालकाला काहीतरी गमवावे लागले पाहिजे : दूरचित्रवाणीच्या पैशातला वाटा म्हणा, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या मैदानाची सवलत म्हणा, नाहीतर सरळ खालच्या श्रेणीतली रवानगी म्हणा. खेळाडू हरला की त्याची जागा जाते, प्रशिक्षक हरला की त्याची नोकरी जाते, प्रेक्षकाची संध्याकाळ आणि पदरचे पैसे जातात. सर्वांनी हरायचे आणि एकाने कधीच हरायचे नाही, असा डाव मांडला असेल तर त्याला खेळ म्हणू नये. त्याला सावकारी म्हणावे.

तेव्हा उद्या आपल्या वानखेडेवर आपला संघ तळाला गेला आणि तुमच्या पोराला संताप आला, तर त्याला गप्प बसवू नका. फक्त त्याच्या संतापाचे तोंड मैदानावरून वळवून वरच्या काचेच्या खिडक्यांकडे करा.